इंदू संगमनेरला गेली

मंगळवार, ८ जानेवारी १९४६

ढकललंच. कुणी काहीही म्हणो — ढकललं!

शनिवारपासून पडून पडून तेच डोळ्यांपुढे आणते आहे. संध्याकाळचा सराव. मी रांगेत बसलेली, तोंड विहिरीकडे. मागून इंदू पळत येत होती. तिच्या पावलांचा आवाज मी झोपेतही ओळखीन. "खो!" — आणि पाठीवर हात. पण रोजचा हात नव्हे तो. रोज ती नुसती बोटं टेकवते, की मी सुटलेच! शनिवारी दणकन पंजा बसला. उजवा पाय रोवून मी उठत होते. अंग पुढे गेलं, पाय तिथेच राहिला आणि गुडघ्यात आतून काहीतरी कट्‌कन झालं. मला ऐकू आलं ते.

सगळ्या धावल्या. खेळाच्या लीनाबाई शिट्टी टाकून धावल्या. पाणी भरणारी झुंबरबाई विहिरीवरून ओल्या हातानं धावली. इंदू मात्र नाही! ती खुंटापाशी तशीच उभी. तोंडावर पदर.

सकाळपासूनच ती गप्प होती. वर्गात मी दोनदा विचारलं, तर "काही नाही गं." काही नाही म्हणणाऱ्या माणसाचंच काहीतरी असतं.

संगमनेरचे सामने तोंडावर आलेत. कॉलेजच्या संघाची कप्तान मी. मी नसले तर कोण? — इंदू. मी फक्त लिहून ठेवते आहे.

बुधवार, ९ जानेवारी

सूज उतरत नाही. लीनाबाईंनी इंदूला कप्तान केलं. लिहिलं होतं ना मी!

शुक्रवार, ११ जानेवारी

दवाखान्यात नेलं. टांग्यातून उतरवताना मरियानं धरलं. मरिया माझी खोलीतली सोबतीण, स्वभावानं गरीब, तिच्यावर माझा संशय नाही. अजून तरी.

डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढला, उजेडापुढे धरून पाहिला. हाड मोडलेलं नाही म्हणाले. मी म्हटलं, मग मी खेळेन! तर म्हणतात, "हाडाला हाड धरून ठेवणारा आतला बंध दुखावलाय. तो फोटोत दिसत नाही." न दिसणारी गोष्ट यांना कशी दिसली? विचारलं, संगमनेरला जाता येईल का? तेव्हा ते माझ्याकडे न बघता लीनाबाईंकडे बघून बोलले, "बघू."

मग दोघं बाहेर गेली. दार लोटून घेतलं. मी कान टवकारून बसले, पण शेजारच्या खाटेवरच्या बाईनं नेमकं तेव्हाच कण्हायला सुरुवात केली.

येताना टांग्यात मी बाईंना म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाले ते मला सांगा." "विश्रांती घे म्हणाले." एवढंसं सांगायला दार कशाला लावावं लागतं?

खेळायला मिळालं नाही तर मी काय करू? हे इथेच लिहिते, कुणाला सांगणार नाही. मला दुसरं काही येत नाही. गळा नाही, शिवण नाही, गणितात तर आनंदच. मैदानावर उतरले की लोक म्हणतात, "ती बघा उजागऱ्यांची हन्ना!" ते गेलं की मी बोर्डिंगातल्या चार पोरींतली एक.

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. इंदू आली! इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पितळेच्या डबीतून तिळगूळ घेऊन.

"गोड बोल," म्हणाली आणि तिचे डोळे भरले. आता तिळगूळ देताना रडायचं काय कारण? मन खात असेल तरच ना.

मग खाटेच्या कडेला टेकली. माझ्या गुडघ्याकडे बघेना. पट्टीकडे, खिडकीकडे, मरियाच्या ट्रंकेकडे — सगळीकडे बघितलं, गुडघ्याकडे नाही.

"हन्ना, तुला एक सांगायचंय."

"सांग की."

मग हसली. कसलं तरी हसू. "नको. तुझ्या तोंडात तीळ भिजायचा नाही." आणि डबी मिटून निघून गेली.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही! आणि हिच्या तोंडात खंडीभर भिजत पडलेत त्यांचं काय? तिळगूळ मी खाल्ला नाही. मरियाला दिला.

मंगळवार, १५ जानेवारी

मरियाला काही झालं नाही. तिळगूळ खुसखुशीत होता म्हणे.

शुक्रवार, १८ जानेवारी

सोनईहून आई आली. सर्व्हिस मोटार वाटेत दोनदा बंद पडली, लोकांनी ढकलत आणली म्हणाली. ढकलत हा शब्द ऐकला आणि मी रडायलाच लागले. आईला वाटलं पाय दुखतोय.

आईनं गावच्या हाडवैद्याचं तेल आणलंय. काळं, वास असा की मरिया खिडकीत जाऊन बसली. चोळताना आई म्हणाली, "पोरी, लई पळालीस. आता बास. परभूनंच पाय धरला तुजा." प्रभूला दुसरी कामं नाहीत का?

मग हळूच विषय निघाला. बेलापूरच्या पाळकांचा भाचा. नोकरी आहे, पेटी वाजवतो, उंच आहे. "निस्तं बघून घेऊ म्हन्ते मी." बघून घेऊ म्हणजे काय ते मला कळतं. लग्न ठरलं की लीनाबाई संघातून नाव काढतात. गेल्या वर्षी एकीच्या सासरचे लोक कॉलेजच्या दारात येऊन भांडले, पोरगी चारचौघांत कासोटा घालून पळते म्हणून. तेव्हापासून बाईंचा तो नेमच आहे. आईला हे पक्कं ठाऊक आहे! मीच तिला हसत हसत सांगितलं होतं.

आता मला हेच कळत नाही, की हे तेल गुडघा बरा करायला आणलंय की कायमचा बसवायला. आई खाली गेली तेव्हा पुसून टाकलं. वास काही गेला नाही.

रविवार, २० जानेवारी

उपासनेच्या वेळी मंदिरात पाळकांनी माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली! नाव घेऊन! "आमची भगिनी हन्ना, हिचा उजवा गुडघा, प्रभो..." सगळ्या बायकांनी वळून माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली.

हे आईचंच काम. विचारलं तर म्हणते, "मग काय झालं? इंदू आली आसती तर तिनंबी केली आसती." इंदूचं नाव हिच्या तोंडी कसं? म्हणे काल फाटकाशी भेटली, आईच्या पाया पडली. बामणाची पोर माझ्या आईच्या पाया पडली, भर रस्त्यात! आई भारावून गेली आहे. मी नाही. माणूस उगाच पाया पडत नाही.

आई संध्याकाळच्या मोटारीनं गेली. जाताना माझं डोकं छातीशी धरलं. मला तिची फार आठवण येईल. बेलापूरचं नाव काढलं नसतं तर मी तिला अजून एक दिवस ठेवून घेतलं असतं.

बुधवार, २३ जानेवारी

काठी घेऊन खिडकीपर्यंत जाता येतं. तिथून मैदान दिसतं. दिसू नये असं वाटतं, पण दिसतं.

इंदू फार चांगली खेळते आहे. हे लिहायला नको वाटतं, पण खोटं लिहायचं तर रोजनिशी कशाला? आधी अशी खेळत नसे. माझ्या मागे सावकाश, जपून. आता जीव खाऊन पळते. उद्या मैदान कुणी उचलून नेणार असल्यासारखी. बाई दोनदा "शाबास!" म्हणाल्या. मला महिन्यातून एकदा म्हणत.

आणि एक. तिचा भाऊ यज्ञेश्वर रोज न्यायला येतो. पूर्वी कधी येत नसे. आम्ही दोघी कोपऱ्यापर्यंत गप्पा मारत जात होतो, तिला कुणाची सोबत लागत नव्हती. आता तो फाटकापाशी उभा राहतो, ती डोक्यावर पदर घेऊन त्याच्या मागून निघते. माझ्या खिडकीकडे मान वर करून बघत नाही. कुणापासून राखण चालली आहे? माझ्यापासून?

पाणी कुठेतरी मुरतंय.

शनिवार, २६ जानेवारी

सापडलं!

सकाळी गावातून झेंडा घेऊन प्रभातफेरी गेली, म्हणून कॉलेजात निम्म्या मुली नव्हत्या. सराव दुपारी ठेवला होता. इंदू नाही! कप्तान आणि गैरहजर! बाई चिडल्या. मी खिडकीतून सगळं बघत होते.

झुंबरबाई विहिरीवर पाणी ओढत होती. ती सकाळी इंदूच्या घरची भांडी घासते आणि मग आमच्याकडे येते, तेव्हा तिला तिकडची सगळी बातमी असते. मी वरून ओरडून विचारलं, "झुंबरबाई, इंदू का नाही आली?"

रहाटाचा आवाज, त्यात तिच्या तोंडात मिश्री. ती मान वर करून ओरडली, "इंदूताई व्हय? ती गेली न्हवं संगमनेराला! मामानं बोलीवलंया!"

संगमनेरला! सामन्यांच्या आधी! एकटी! मामा बोलावतो काय, ही जाते काय, आणि इथे कुणाला पत्ता नाही. लीनाबाईंनाही नाही. मी काठी टाकून खाटेवर बसले.

सोमवार, २८ जानेवारी

काल दिवसभर विचार केला. (मंदिरात सुद्धा. पाळक काय बोलले विचारू नये.)

इंदूचा मामा संगमनेरचा आहे हे मला ठाऊक नव्हतं. पण मला तिच्या घरचं ठाऊक तरी काय आहे? तीन वर्षांची मैत्री, पण तिच्या घरात मी ओटीच्या पुढे गेलेली नाही. ओटीवर बसायचं, इंदूची आई हसून बोलणार, बाहेरच लाडू-चिवडा येणार, फुलपात्र वेगळं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. निदान मी तसं म्हणत आले आहे. आत काय बोलतात, कोण येतं जातं, ते मला कधी कळलंच नाही.

आता नीट जुळतं. संगमनेरच्या संघात चांगल्या खेळाडू नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. तिथला मामा वजनदार असेल. त्यांनी हिला फोडली! ही आमचे सगळे डाव तिकडे नेऊन सांगणार. कोण डावीकडे हुलकावणी देते, कोण खुंटाशी दमते. मी खेळले असते तर संगमनेरचं काही चाललं नसतं. म्हणून आधी मला बाजूला केलं. म्हणून तो पंजा!

मरियाला सांगितलं. ती म्हणाली, "हन्ना, तुला ताप आहे का?"

मरियावर सुद्धा लक्ष ठेवायला हवं.

बुधवार, ३० जानेवारी

इंदू आली होती. एक शब्दही इकडचा तिकडे न करता लिहिते.

नवं जरीकाठी पातळ. केसांना वासाचं तेल. आणि गाल वर आलेत! मी सुकत चालले आहे आणि ही बाळसं धरते आहे. मरियानं तिला पेरू दिला तर म्हणाली, "नको बाई, पोटात जागा नाही. रोज कुणी ना कुणी जेवायला घालतंय." मला कळलं कोण घालतंय ते!

मरिया बाहेर गेली. मी म्हटलं, "मला कळलंय सगळं. झुंबरबाईनं सांगितलं."

इंदू एकदम खाली बसली. खाटेवर नाही, जमिनीवरच. तोंड पांढरं फटक.

"झुंबरबाईनं?"

"ती खोटं बोलते का?"

"नाही. खरं आहे." मग आपल्या पायाच्या बोटांकडे बघत म्हणाली, "मी तुला आधी सांगायला हवं होतं. संक्रांतीला सांगणारच होते. तुला राग आला?"

"तुला काय वाटतं?"

"तू मला विचारायला नकोस का, की हे मला हवं आहे की नको?" तिचा आवाज चिरकला. "मोठ्या माणसांनी ठरवलं. मामांनीच सगळं जुळवून आणलं. मी काय करणार होते?"

मामांनीच! कबूल केलं! मी पायावरचं पांघरूण घट्ट धरून ठेवलं होतं, नाहीतर उठून काही बोलून गेले असते.

मग ती माझा हात धरून म्हणाली, "हन्ना, एवढं ऐक. बाईंना सांगू नकोस. सामने होईपर्यंत तरी नको. कळलं तर मला काढतील. संगमनेरला मला एकदा खेळू दे. एकदाच. मग काय व्हायचं ते होऊ दे."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती गेल्यावर उशीत तोंड खुपसून रडले. मला तिचा राग येतो आहे, आणि तिच्या हाताचा वास माझ्या हाताला आहे तो धुवावासा वाटत नाही. असा राग असतो का?

गुरुवार, ३१ जानेवारी

बाईंना सांगितलं.

संगमनेरचं नाही सांगितलं. इंदूनं ते सांगू नकोस म्हटलं होतं आणि मी काही अगदीच हलकट नाही. फक्त ढकललं ते सांगितलं. ते सांगू नकोस असं ती कधी म्हणाली?

लीनाबाई ऐकत राहिल्या. त्या फार बोलत नाहीत. "मुद्दाम ढकललं असं तुझं म्हणणं आहे?" "हो." "देवासमोर म्हणशील?" माझी जीभ अडखळली. मग "हो" म्हटलं. "मी तिला विचारते," म्हणाल्या.

शनिवार, २ फेब्रुवारी

बाई स्वतः वर आल्या. खुर्ची ओढून बसल्या, शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत.

"मी इंदूला बोलावलं. फार फाटे फोडले नाहीत. विचारलं, 'हन्नानं मला सांगितलं ते खरं आहे का?' तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि 'हो' म्हणाली."

"हो म्हणाली?"

"हो. मी तिचं नाव काढलं. असली मुलगी मला संघात नको." उठता उठता त्या थांबल्या. "मला वाटलं होतं ती नाही म्हणेल."

बघा! बघा! मी वेडी नाही, मला ताप नाही, मी खरी होते! मरियाला मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. तिनं नुसतं "बरं" म्हटलं.

आनंद व्हायला हवा. होईल हळूहळू.

सोमवार, ४ फेब्रुवारी

इंदू कॉलेजात आली नाही.

बुधवार, ६ फेब्रुवारी

डॉक्टर. या वेळी मी दार लावू दिलं नाही. म्हटलं, जे असेल ते माझ्या तोंडावर सांगा.

त्यांनी गुडघा हातात घेऊन इकडेतिकडे हलवला. सैल दाराची कडी हलावी तसा तो हलतो, माझा मलाच दिसला. म्हणाले, "चालशील चांगली. सरळ पळशील सुद्धा, सवडीनं. पण एकदम वळणं, एका पायावर गर्रकन फिरणं — ते या पायाकडून मागू नकोस. खो-खोची आशा मी लावणार नाही. खोटं सांगून काय उपयोग?"

मी विचारलं, "तुमचं संगमनेरला कुणी असतं का?" ते चक्रावले. "नाही बुवा. का?"

येताना काठी टेकत मैदानात गेले. कुणी नव्हतं. मी पडले ती जागा बघितली. विहिरीच्या पन्हळीतून पाणी झिरपतं, तिथवर ओल आलेली आहे. वरून कोरडं दिसतं. काठी टेकली तर वीतभर आत गेली. पाय असाच गेला असेल. पण ओलीचं काय, ती आज आहे. माती काही कुणाला मागून ढकलत नाही.

तिथेच बसकण मारली, रांगेत बसायची तशी. मागून कुणी येत नव्हतं. आता कधीच येणार नाही हे मला तिथे कळलं, दवाखान्यात नाही. पोटभर रडले. झुंबरबाईनं बघितलं आणि न बघितल्यासारखं करून घागर घेऊन गेली.

शनिवार, ९ फेब्रुवारी

संघ सकाळच्या मोटारीनं संगमनेरला गेला. मरिया सुद्धा गेली, इंदूच्या जागी. मरिया! जिला पळताना चप्पल आवरत नाही. मी फाटकाशी उभी राहून हात हलवला. मोटारीच्या धुरानं डोळ्यांत पाणी आलं, असं सगळ्यांना सांगितलं.

मला वाटलं होतं, इंदू निदान आज फाटकाशी येईल. मग आठवलं, ती कशाला इथे येईल? ती तिकडेच असणार. पलीकडच्या रांगेत.

सोमवार, ११ फेब्रुवारी

हरलो. पहिल्याच सामन्यात. मरियाचा आवाज बसलाय ओरडून.

मी एकच विचारलं, "संगमनेरच्या संघात इंदू होती ना?"

"इंदू?" मरिया चपला झाडत म्हणाली. "तिथे कशाला असेल ती? नव्हती."

नव्हती?

गुरुवार, १४ फेब्रुवारी

दुपारी इंदूची आई बोर्डिंगात आली. बरोबर यज्ञेश्वर, त्याच्या हातात कुंकवाची कोयरी आणि अक्षता. आधी बाईंकडे गेल्या. बाई तासाला होत्या, म्हणून माझ्याकडे आल्या. मी उठायला गेले तर "बस गं, पाय सांभाळ" म्हणून त्या माझ्या खाटेवरच बसल्या. माझ्या खाटेवर!

"सोमवारी यायचं हं. इंदूचं लग्न. तुला अगदी पहिल्या पंगतीला बसवायचं, असं मला बजावून पाठवलंय तिनं."

त्यांनी दिलेल्या अक्षता मी मुठीत धरल्या.

"तुला सांगितलंय म्हणाली ती. तुझ्याशिवाय इथं कुणाला सांगितलं नाही. त्या बाईंचा नेम आहे म्हणे, लग्न ठरलेली मुलगी घ्यायची नाही. अगं, होकार आला तो त्या शनिवारी सकाळी, तुझा पाय दुखावला त्याच दिवशी. मुहूर्त सामन्यांच्या आधीचाच निघत होता. पण पोरीनं खो घातला! सामने झाल्याशिवाय बोहल्यावर उभी राहणार नाही म्हणाली. चार दिवस जेवली नाही. तेव्हा हे म्हणाले, घे बाई एकदा खेळून, सासरी गेल्यावर कुठलं मैदान? आणि ऐन वेळेला म्हणते, पाय दुखतोय, जात नाही. काय म्हणायचं या मुलींना!"

त्या हसत होत्या. मी विचारलं, "तिचे मामा संगमनेरचे ना?"

"छे गं. इथलेच, गावातल्या तोफखाना भागातले. पहिलं गडगनेर त्यांच्याकडेच झालं, सव्वीस तारखेला."

"गडगनेर?"

"केळवण गं! लग्नाआधी नातेवाईक मुलीला जेवायला बोलावतात ते. आमच्याकडे जुनी माणसं गडगनेर म्हणतात. गडगनेरं करून करून दमली पोर."

त्या गेल्यावर काठी घेऊन खाली गेले. झुंबरबाई विहिरीवरच होती. "झुंबरबाई, त्या दिवशी तू मला संगमनेर म्हणालीस ना?"

"म्या?" तिनं मिश्री थुंकली. "म्या कवा संगमनेर म्हन्ले? गडगनेर म्हन्ले! गडगनेराला गेली म्हन्ले. तुमीच न्हाई आईकलं नीट. मंग मला वाटलं, तुमच्यात आसं नसतंय, म्हून तुमी तोंड वाकडं केलं."

गडगनेर. संगमनेर. तीन वर्षं ओटीवर बसले, हा एक शब्द माझ्या कानावर पडला नव्हता.

तिला एकदाच खेळायचं होतं. शेवटचं. आणि मी... पण थांब. लग्न होतं म्हणून काय झालं? ढकललं ते ढकललंच. मी बाईंना लग्नाचं कुठे सांगितलं? ढकलल्याचं सांगितलं, आणि ती स्वतः "हो" म्हणाली. तेवढं तरी खरं आहे. तेवढं खरं असायलाच हवं.

शनिवार, १६ फेब्रुवारी

इंदूच्या घरी गेले, ओटीवर बसले. इंदू बाहेर आली. हातभर हिरव्या बांगड्या. माझ्याशेजारी बसली, आणि या वेळी गुडघ्याकडे बघितलं, हात ठेवला. मग म्हणाली, "बाईंना सांगितलंस त्याचा राग नाही हं माझ्या मनात. लग्न ठरलं होतं ते खरंच होतं. बाईंनी विचारलं, मी हो म्हटलं."

मी म्हटलं, "मी लग्नाचं नव्हतं सांगितलं. मी सांगितलं, ढकललं."

"ढकललं?" इंदू म्हणाली. "कुणी, कुणाला?"